शोधनिबंधाचें मोल आणि माप

विद्वानांच्या व्यवहारांत शोधनिबंध हें चलनी नाणें आहे. प्रयोगशाळेंत अथवा अभ्यासिकेंत वर्षानुवर्षें केलेलें काम अखेरीस दहा-पंधरा पानांच्या निबंधांत सांठविलें जातें. तो निबंध एखाद्या नियतकालिकांत छापून येतो. आणि त्यानंतर त्याचें काय व्हावयाचें तें लेखकाच्या हातीं राहत नाहीं. अशीं नियतकालिकें काढण्याची चाल १६६५ सालीं सुरू झाली. त्या वर्षीं जानेवारींत पॅरिस येथें एक विद्वत्पत्रिका निघाली आणि मार्चमध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीचें ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ प्रसिद्ध होऊं लागलें. आज साडेतीनशें वर्षांनंतर जगांत दरवर्षीं वीस लाखांहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध होतात. एका वर्षाचे निबंध वाचून संपविण्यास एका माणसाचीं अनेक आयुष्यें पुरणार नाहींत. मग यांपैकीं कोणत्या निबंधानें ज्ञानांत भर घातली आणि कोणता केवळ कागदाचा भार झाला, हें ठरवावें कसें? विसाव्या शतकानें या प्रश्नाचें एक सोपें उत्तर शोधून काढलें. मागाहून लिहिणाऱ्या किती जणांनीं त्या निबंधाचा उल्लेख केला, तें मोजावें, हें तें उत्तर. तें कसें सुचलें, कोणत्या कामासाठीं सुचलें आणि पुढें कोणत्या कामाला लावलें गेलें, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

उल्लेखाचें महत्त्व काय, हें समजण्यासाठीं प्रथम ग्रेगोर मेंडेल याच्या निबंधाची हकीकत पाहणें योग्य होईल. मेंडेल हा त्या वेळच्या ऑस्ट्रियन साम्राज्यांतील ब्र्युन नगरीच्या मठांत राहणारा एक धर्मगुरु. हें नगर आज चेक प्रजासत्ताकांत बर्नो या नांवानें ओळखलें जातें. मठाच्या बागेंत सुमारें आठ वर्षें वाटाण्याचीं रोपें लावून, त्यांचा संकर करून व पिढ्यानुपिढ्या दाणे मोजून त्यानें आनुवंशिकतेचे नियम शोधून काढले. १८६५ सालच्या फेब्रुवारींत व मार्चमध्यें तेथील निसर्गशास्त्र मंडळापुढें त्यानें दोन व्याख्यानें दिलीं, आणि १८६६ सालीं तीं मंडळाच्या कार्यवृत्तांत निबंधरूपानें छापलीं गेलीं. हें कार्यवृत्त यूरोपांतील शंभराहून अधिक संस्थांकडे जात असे. शिवाय निबंधाच्या चाळीस सुट्या प्रति मेंडेलनें स्वतःकरितां घेतल्या होत्या. म्यूनिच येथील नेगेली या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाशीं त्याचा पत्रव्यवहारहि झाला. परंतु त्या पंडिताला या कामाचें मर्म कळलें नाहीं. १८८४ सालीं मेंडेल वारला, तेव्हां त्याच्या निबंधाचा उल्लेख सबंध शास्त्रीय वाङ्मयांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच झालेला होता.

पुढें १९०० सालीं हॉलंडचा ड व्ह्रीस, जर्मनीचा कोरेन्स आणि ऑस्ट्रियाचा चेर्माक या तिघांना पृथक् पृथक् प्रयोगांतून त्याच नियमांकडे जातां जातां मेंडेलचा निबंध आढळला आणि आनुवंशशास्त्राचा पाया घातला गेला. येथें एक बारकावा लक्षांत ठेवण्यासारखा आहे. फोके नांवाच्या जर्मन लेखकानें वनस्पतींच्या संकरासंबंधीं १८८१ सालीं एक मोठा ग्रंथ लिहिला, त्यांत मेंडेलचें नांव आलें होतें. फोकेला मेंडेलची थोरवी समजली होती असें नव्हे. परंतु त्यानें प्रामाणिकपणें नोंद केली, आणि त्या नोंदीवरूनच चेर्माक मूळ निबंधापर्यंत पोंचला. १८९० सालीं एखाद्या समितीनें मेंडेलच्या निबंधाचे उल्लेख मोजले असते, तर त्याचें वजन शून्याच्या जवळपास भरलें असतें. पण त्या मूठभर उल्लेखांपैकीं एकानें वाट दाखविण्याचें काम चोख बजावलें. उल्लेख ही वाट आहे, आणि उल्लेखांची संख्या हें वजन आहे. या दोन गोष्टी एक नव्हेत. पुढील सर्व इतिहास या दोन गोष्टींची गल्लत कशी झाली त्याचाच इतिहास आहे.

उल्लेखांची पद्धतशीर नोंद ठेवण्याची युक्ति प्रथम शास्त्रज्ञांना सुचली नाहीं. ती वकिली धंद्यांतून आली. न्यायालयांत जुन्या निवाड्याची नजीर दाखवावी लागते. परंतु नजीर दाखवितांना वकिलाला एक धास्ती असते. तो निवाडा मागाहून वरिष्ठ न्यायालयानें फिरविला असला तर काय? अमेरिकेंत फ्रँक शेपर्ड नांवाच्या गृहस्थानें १८७३ सालीं या अडचणीवर तोड काढली. एखाद्या निवाड्याचा नंतरच्या कोणकोणत्या निवाड्यांत उल्लेख आला आणि तेथें तो कायम झाला कीं रद्द झाला, याची माहिती तो गोंद लावलेल्या कागदी चिठ्ठ्यांवर छापून देऊं लागला. वकिलानें ती चिठ्ठी मूळ निवाड्याच्या समासांत चिकटवावयाची. पुढें या चिठ्ठ्यांचे ग्रंथ झाले, आणि अमेरिकन वकिलांच्या बोलींत शेपर्डच्या नांवावरून एक क्रियापदच रूढ झालें. या युक्तींत मोजण्याचा हेतु मुळींच नव्हता, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. एखादा निवाडा शंभरदां उल्लेखिला गेला म्हणून तो श्रेष्ठ, असें कोणीहि वकील म्हणणार नाहीं. एकाच उल्लेखांत तो रद्द झालेला असला, तर बाकीचे नव्याण्णव व्यर्थ होत.

मोजणीची कल्पना निराळ्या ठिकाणीं, आणि अगदीं साध्या निकडींतून, जन्मास आली. कॅलिफोर्नियांतील पोमोना कॉलेज हें लहानसें महाविद्यालय. त्याच्या ग्रंथालयानें रसायनशास्त्राचीं कोणतीं नियतकालिकें घ्यावींत, हा पैशाचा प्रश्न होता. ग्रोस व ग्रोस या दोघां अभ्यासकांनीं अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा १९२६ सालचा सबंध खंड घेतला, आणि त्यांतील निबंधांनीं ज्या ज्या लेखनाचा आधार दिला होता त्याची टांचणें केलीं. एकंदर ३,६३३ आधार निघाले. ज्या नियतकालिकाचा आधार अधिक वेळां, तें विद्यार्थ्यांना अधिक उपयोगी, असा त्यांचा हिशेब होता. १९२७ सालीं ‘सायन्स’ या साप्ताहिकांत त्यांनीं हा हिशेब प्रसिद्ध केला. तो ग्रंथालयाच्या खरेदीपुरता होता. कोणाहि एका लेखकाची किंवा निबंधाची योग्यता ठरविण्याची हांव त्यांत नव्हती. तथापि उल्लेख मोजतां येतात, आणि त्या मोजणीवरून कांहीं निर्णय घेतां येतो, ही गोष्ट त्यामुळें सिद्ध झाली.

शेपर्डची वाट आणि ग्रोस यांची मोजणी या दोहोंचा संगम यूजीन गार्फील्ड या न्यूयॉर्क येथें १९२५ सालीं जन्मलेल्या गृहस्थाच्या हातून झाला. १९५१ सालीं तो जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथालयांत एका योजनेवर काम करूं लागला. वैद्यकावरील लेखनाच्या सूचि यंत्राच्या साहाय्यानें कशा कराव्यात, याचा तेथें विचार चालला होता. विषयवार सूचीचा दोष असा कीं, सूचि करणारा माणूस निबंधाला जें नांव देईल त्याच नांवाखालीं तो सांपडावयाचा. विषयाचें नांव बदललें, कीं निबंध हरवला. १९५३ सालीं विल्यम अडेर या शेपर्डच्या कंपनींतील निवृत्त अधिकाऱ्यानें गार्फील्डला पत्र लिहून वकिलांची ती जुनी युक्ति कळविली. गार्फील्डच्या मनांत ती लगेच ठसली. निबंधाच्या अखेरीस लेखकानें स्वतः दिलेली आधारांची यादी हीच त्या निबंधाच्या विषयाची खरी खूण होय. ती दुसऱ्या कोणी सूचिकारानें लावलेली नसते. सर्व याद्या उलट करून मांडल्या, तर जुन्या निबंधावरून नव्याकडे जातां येईल. म्हणजे आजवर मागेंच नेणारी वाट पुढेंहि नेऊं लागेल.

१९५५ सालच्या जुलैंत ‘सायन्स’मध्यें गार्फील्डनें आपली योजना मांडली. एखाद्या निबंधांतील चूक मागाहून कोणी दाखविली असली, तर ती वाचकास तत्काळ कळावी, आणि खोटीं किंवा कालबाह्य विधानें डोळे मिटून पुन्हां पुन्हां उद्धृत होऊं नयेत, हा तिचा एक मुख्य हेतु होता. आज ज्याला ‘प्रभावांक’ म्हणतात, तो शब्दप्रयोगहि त्या निबंधांत आलेला आहे. परंतु तो एखाद्या कार्याचा त्या काळच्या विचारांवर काय परिणाम झाला, याच्या ऐतिहासिक अभ्यासासंबंधीं आहे. माणसांच्या नेमणुका व बढत्या त्यावरून ठरवाव्यात, असें तेथें सुचविलेलें नव्हतें.

योजनेकडे आरंभीं फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. गार्फील्डचा छापखानावजा उद्योग न्यू जर्सींतील कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यांत सुरू झाला होता, असें सांगतात. १९५९ सालीं जोशुआ लेडरबर्ग या शास्त्रज्ञानें होऊन त्याला पत्र लिहिलें कीं, त्या सूचीचें पुढें काय झालें? लेडरबर्गला त्याच्या आदल्याच वर्षीं जंतूंच्या आनुवंशशास्त्रासाठीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें. त्याच्या पाठिंब्यानें व अमेरिकन सरकारच्या द्रव्यसाहाय्यानें प्रथम आनुवंशशास्त्रापुरती एक सूचि तयार झाली. ज्या शास्त्राचा मूळ निबंध चौतीस वर्षें दडून राहिला, त्याच शास्त्रानें ही नवी वाट प्रथम चोखाळावी, हा योगायोग विलक्षण खरा. त्यानंतर गार्फील्डच्या फिलाडेल्फिया येथील संस्थेनें सर्व शास्त्रांची सूचि हातीं घेतली. पहिल्या सूचींत १९६१ सालचीं ६१३ नियतकालिकें आणि त्यांतील सुमारें १४ लाख उल्लेख नोंदले गेले. १९६४ पासून ती नियमितपणें प्रसिद्ध होऊं लागली.

सूचि तयार होतांच तिच्यांतील आंकड्यांचा मोह पडावा, हें स्वाभाविक होतें. डेरेक डी सोला प्राइस हा इतिहासकार त्या आंकड्यांकडे शुद्ध जिज्ञासेनें वळला. हा इंग्रज गृहस्थ १९४७ नंतर कांहीं वर्षें सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजांत शिकवीत असे. तेथें ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’चे जुने खंड त्यानें आपल्या खोलींत आणून दहा-दहा वर्षांचे ढीग करून भिंतीशीं रचून ठेवले होते. त्या ढिगांची उंची भौमितिक श्रेढीनें चढत जाते, हें त्याच्या नजरेस आलें आणि शास्त्राच्या वाढीचें गणित करण्याचा त्यास छंद लागला. १९६५ सालीं त्यानें गार्फील्डच्या सूचीवरून दाखविलें कीं, कोणत्याहि एका वर्षीं आजवर प्रसिद्ध झालेल्या निबंधांपैकीं सुमारें ३५ टक्के निबंधांचा एकदांहि उल्लेख होत नाहीं, आणि आणखी ४९ टक्के निबंधांचा फक्त एकदांच होतो. राहिलेल्या थोड्या निबंधांभोंवतींच पुढचें सारें संशोधन गुंफलेलें असतें. ज्याचा उल्लेख झाला, त्याचाच पुन्हां उल्लेख होण्याचा संभव अधिक, हेंहि त्यानें पुढें गणितानें मांडलें. व्यवहारांत पैशाकडे पैसा जातो, तसें येथें उल्लेखाकडे उल्लेख जातो.

मोजणी एका निबंधावरून नियतकालिकावर गेली, ती मात्र बाजाराच्या गरजेनें. गार्फील्ड व त्याचा सहकारी अर्व्हिंग शेर यांनीं सूचींत कोणतीं नियतकालिकें घ्यावींत हें ठरविण्यासाठीं प्रभावांकाचा हिशेब बसविला. १९७५ पासून तो दरवर्षीं प्रसिद्ध होऊं लागला. हिशेब सोपा आहे. नियतकालिकानें मागील दोन वर्षांत छापलेल्या निबंधांचे चालू वर्षीं एकंदर किती उल्लेख झाले, त्या संख्येला त्या निबंधांच्या संख्येनें भागावयाचें. यावरून निघते ती सरासरी. आणि ही सरासरी अशा समूहाची, कीं ज्यांत फार थोडे धनवान् आणि बाकीचे दरिद्री आहेत. नॉर्वेचा पेर सेग्लेन यानें १९९२ सालीं दाखवून दिलें कीं, त्यानें तपासलेल्या निबंधांत वरचे १५ टक्के निबंध निम्मे उल्लेख खाऊन टाकतात. असें असतां विद्यापीठें व सरकारी समित्या एकेका निबंधाला तो ज्या नियतकालिकांत छापला गेला त्याचा अंक लावूं लागल्या. शितावरून भाताची परीक्षा होते, हें खरें. परंतु हंडीच्या किंमतीवरून प्रत्येक शिताची परीक्षा करण्याचा हा प्रकार होता.

बरें, हंडी बाजूस ठेवून त्या एका निबंधाचेच उल्लेख मोजले, तर न्याय होतो काय? येथेंहि अडचणी आहेत. आजवर ज्याचा सर्वाधिक उल्लेख झाला, तो निबंध ऑलिव्हर लौरी व त्याचे सहकारी यांचा आहे. तो १९५१ सालीं प्रसिद्ध झाला, आणि द्रावणांत प्रथिन किती आहे तें मोजण्याची एक सोयीची रीत त्यांत सांगितली आहे. २०१४ सालीं ‘नेचर’ साप्ताहिकानें केलेल्या गणनेंत त्याचे उल्लेख तीन लाखांवर भरले. उलट वॉटसन व क्रिक यांचा १९५३ सालचा डीएनएच्या रचनेवरील निबंध, ज्यानें जीवशास्त्राची दिशाच पालटली, त्याचे उल्लेख पांच हजारांच्या आसपास होते. पहिल्या शंभरांत बसण्यास बारा हजारांहून अधिक उल्लेख लागत होते. म्हणजे तो शंभरांतहि नव्हता. यावरून लौरी हा वॉटसन-क्रिकहून साठपट थोर ठरत नाहीं. लौरीची रीत प्रयोगशाळेंतील रोजच्या कामाचें हत्यार होती. सुतार आपल्या कामांत करवतीचें नांव वारंवार घेतो, त्यांतलाच हा भाग.

उल्लेख निंदेचाहि असूं शकतो. १९९८ सालीं लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत बारा मुलांच्या पाहणीवरून गोवर, गालगुंड व जर्मन गोवर यांवरील एकत्रित लसीचा संबंध मुलांच्या स्वमग्नतेशीं जोडणारा निबंध छापला गेला. तो सदोष व अप्रामाणिक ठरून २०१० सालीं मागें घेण्यांत आला. पण तोंपर्यंत पुष्कळ आईबापांनीं मुलांना लस देण्याचें नाकारलें होतें. या निबंधाचे हजाराहून अधिक उल्लेख झाले आहेत, आणि त्यांतील बहुतेक त्याचा निषेध करणारे आहेत. केवळ संख्या पाहणाराला तो एक वजनदार निबंध दिसेल. शेपर्डच्या चिठ्ठीवर निवाडा कायम कीं रद्द याची खूण असे; मोजणीच्या नादांत शास्त्रज्ञांनीं ती खूणच गाळून टाकली.

याच्या उलट बाजूचें उत्तम उदाहरण महाराष्ट्र व गोवा यांना जवळचें आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गोव्यांतील कोसबें येथें १९०७ सालीं जन्मले, अमेरिकेंत हार्वर्ड येथें शिकले, आणि पुढें पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक झाले. सर्वसाधारण वाचक त्यांना प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून ओळखतो. परंतु १९४३ व १९४४ या दोन वर्षांत त्यांनीं गणितावर लिहिलेल्या दोन निबंधांचें नशीब पाहण्यासारखें आहे. पहिला निबंध ‘जर्नल ऑफ दि इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’ या भारतीय नियतकालिकांत आला. यादृच्छिक फलनांचें पृथक्करण करण्याची जी पद्धति त्यांत मांडली होती, तीच पुढें फिनलंडचा कार्हुनेन व फ्रान्सचा लोएव्ह यांनीं स्वतंत्रपणें काढली. आज ती पद्धति त्या दोघांच्या नांवानें जगभर शिकविली जाते. कोसंबींचा अग्रमान अभ्यासकांना मागाहून कळला, पण नांव पालटलें नाहीं.

दुसरा निबंध अवघ्या चार पानांचा. तो इंग्लंडमधील ‘ॲनल्स ऑफ यूजेनिक्स’ या नियतकालिकांत आला. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर त्यांच्या संततींतील फेरजुळणीच्या प्रमाणावरून कसें काढावें, याचें एक सूत्र त्यांत आहे. जे. बी. एस. हॉल्डेन यांनीं १९१९ सालीं असेंच एक सूत्र दिलें होतें. त्यांत एका ठिकाणीं झालेली अदलाबदल जवळच्या दुसऱ्या अदलाबदलीस अडथळा करते, ही गोष्ट हिशेबांत धरलेली नव्हती. कोसंबींनीं ती धरली. आज पिकांच्या व प्राण्यांच्या जनुकांचे नकाशे करणारा अभ्यासक संगणकापुढें बसतो, तेव्हां त्याला हॉल्डेनचें सूत्र हवें कीं कोसंबींचें, असा पर्याय तयारच मिळतो. तो कोसंबींचें सूत्र निवडतो, निबंधांत ‘कोसंबी सूत्र वापरलें’ असें लिहितो, आणि पुष्कळ वेळां मूळ निबंधाचा आधार यादींत देतच नाहीं. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञानें या घटनेचें वर्णन केलें आहे. कल्पना इतकी रुळते, कीं तिच्या उगमाचा उल्लेख करण्याची कोणास गरजच वाटत नाहीं. येथें उल्लेख न होणें हीच यशाची खूण ठरते, आणि मोजणारास नेमकी तीच दिसत नाहीं. एकाच लेखकाच्या दोन निबंधांत एकावर अन्याय झाला तो कोणी न वाचल्यामुळें, आणि दुसऱ्याचें माप उणें भरतें तें सर्वांनीं वापरल्यामुळें!

काळ हाहि या मापांत एक दोष उत्पन्न करतो. प्रभावांक दोन वर्षांचा हिशेब धरतो. मेंडेलला चौतीस वर्षें लागलीं. हॉलंडचा फान रान यानें २००४ सालीं अशा दीर्घकाळ दुर्लक्षित राहून एकाएकीं प्रकाशांत येणाऱ्या निबंधांना परीकथेंतील निद्रिस्त राजकन्येचें नांव दिलें. विषयाविषयांतहि अंतर असतें. गणितज्ञाच्या निबंधाखालीं थोडेच आधार असतात, जीवशास्त्रज्ञाच्या निबंधाखालीं पन्नास-साठ सहज असतात. म्हणून दोघांची तुलना एका तागडींत करणें म्हणजे धान्य व सोनें एकाच मापानें मोजणें होय. हा दोष काढण्यासाठीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंतील अभ्यासकांनीं २०१६ सालीं एक नवें गुणोत्तर मांडलें. त्यांत निबंधाचे उल्लेख त्याच्याच क्षेत्रांतील निबंधांच्या उल्लेखांशीं ताडून पाहतात. त्यापूर्वीं २०१० सालीं कांहीं तरुण संशोधकांनीं, निबंध किती जणांनीं उतरवून घेतला, वृत्तपत्रांत व समाजमाध्यमांत त्याची किती चर्चा झाली, हेंहि मोजावें असा जाहीरनामा काढला. हीं नवीं मापें जुन्याहून सूक्ष्म आहेत, यांत शंका नाहीं. परंतु चर्चेची संख्या म्हणजे सत्याची खात्री नव्हे, हा मूळ आक्षेप त्यांनाहि लागू आहे.

हा सर्व वाद केवळ पंडितांच्या मानापमानाचा असता, तर सामान्य माणसास त्याची फिकीर करण्याचें कारण नव्हतें. परंतु माप जेव्हां पोटाशीं बांधलें जातें, तेव्हां माणसें मापाला अनुसरून वागूं लागतात. आपल्या देशांत विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१० सालीं प्राध्यापकांच्या नेमणुका व बढत्यांसाठीं गुणांची पद्धति घालून दिली. प्रसिद्ध केलेल्या प्रत्येक निबंधास ठराविक गुण मिळूं लागले. परिणाम व्हावयाचा तोच झाला. पैसे घेऊन, न तपासतां, कांहींहि छापून देणारीं नियतकालिकें बोकाळलीं. पुणें येथील सावित्रीबाई फुले विद्यापीठांतील अभ्यासकांनीं आयोगाच्या मान्य यादींतील विद्यापीठांनीं सुचविलेलीं नियतकालिकें नमुन्यादाखल तपासलीं. त्यांपैकीं ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावींत, असा निष्कर्ष त्यांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केला. त्यानंतर आयोगानें त्याच विद्यापीठांत नियतकालिकांच्या छाननीसाठीं एक कक्ष नेमला आणि नवी यादी सुरू केली. तीहि २०२५ सालीं बंद करण्यांत आली. यादी बदलली, तरी निबंध न वाचतां त्याची किंमत करण्याची संवय बदलत नाहीं, हें यावरून दिसतें.

या संवयीविरुद्ध शास्त्रज्ञांनींच आवाज उठविला. १९१२ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २०१२ सालच्या डिसेंबरांत सॅन फ्रान्सिस्को येथें जमलेल्या संपादकांनीं व संशोधकांनीं एक जाहीरनामा तयार केला. नियतकालिकाच्या प्रभावांकावरून एखाद्या निबंधाची किंवा माणसाची योग्यता ठरवूं नये, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. २०१५ सालीं हॉलंडमधील लायडन नगराच्या नांवानें दहा तत्त्वांचें दुसरें निवेदन निघालें. जाणकाराच्या निर्णयाला आंकड्यांनीं मदत करावी, त्याची जागा घेऊं नये, हें त्यांतील पहिलें तत्त्व. आपापल्या प्रदेशाच्या उपयोगाच्या संशोधनाला संरक्षण मिळावें, हेंहि त्यांत सांगितलें आहे. मराठी वाचकास याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. एखाद्या गांवच्या जुन्या दप्तरावर किंवा एखाद्या शिलालेखावर मराठींत लिहिलेला निबंध परदेशांत तयार होणाऱ्या सूचींत क्वचितच नोंदला जातो. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या १९१० पासून चालत आलेल्या संस्थेच्या त्रैमासिकांत छापलेल्या टिपणाशिवाय मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक पाऊल टाकूं शकत नाहीं. तरी सूचीच्या लेखीं त्या टिपणाचें वजन नगण्यच भरावयाचें.

गार्फील्ड २०१७ सालीं वारला. त्याची सूचि आज संगणकावर आहे. गूगलच्या संस्थापकांनीं १९९८ सालीं संकेतस्थळांचा क्रम लावण्याची जी युक्ति काढली, तिचें बीजहि शास्त्रीय उल्लेखांच्या या मोजणींतच होतें. वाट दाखविण्याचें काम ही सूचि आजहि उत्तम करते. जुन्या निबंधावर नंतर काय आक्षेप आले, कोणी तो पुढें नेला, हें पूर्वीं महिनोन्महिने शोधावें लागे, तें आज क्षणांत कळतें. मेंडेलसारखा निबंध आज चौतीस वर्षें दडून राहणें त्यामुळें अवघड झालें आहे. दोष सूचीचा नाहीं. तिच्यांतील आंकडा काढून घेऊन निबंध मिटून ठेवणाऱ्यांचा आहे. शंभर उल्लेख असले, तर ते कोणी, कशासाठीं आणि अनुकूल कीं प्रतिकूल केले, हें पाहिलें पाहिजे; एकहि नसला, तर निबंध स्वतः उघडून वाचला पाहिजे. फोकेनें मेंडेलचें नांव नोंदलें, तेव्हां त्यानें कांहीं मोजलें नव्हतें. पण ज्याला त्या नोंदीचा उपयोग झाला, त्यानें ती पाहून मूळ निबंध मागविला आणि तो पहिल्या पानापासून वाचला. निबंधाचें मोल ठरविण्याची याहून खात्रीची रीत अद्याप कोणास सांपडलेली नाहीं.